दंडाच्या पावत्या चुलीत घालू नकोस

(नावगाव ओळखू येईल असा मजकूर काढून, थोडं आटोपशीर करून पत्र देतो आहे.)

मामा, नमस्कार.

आमची वाडी बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात, भीमगड अभयारण्याच्या आत आहे. पस्तीस-चाळीस उंबरा असेल. मी बेळगावात नर्सिंग शिकते. पाऊस लागला की नाल्याला पाणी येतं, साकव जातो, मग गावाचा पत्ता तुटतो. दोन वर्षांमागं माझ्या काकूला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागलं होतं.

आता गाव उठवायची बोलणी चालू आहेत. कुटुंबाला १५ लाख मिळणार म्हणतात. गावातलाच एक जण संमतीचा कागद घेऊन फिरतो आहे. कागद कन्नडमध्ये आहे. बाबांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. ‘पंधरा दिवसांत सही दे, नाहीतर यादीतून नाव जाईल’ असं तो सांगून गेला. दादा गोव्यात कामाला असतो. तो म्हणतो सही करा, खानापुरात प्लॉट घेऊ. आई म्हणते, मी इथून हलणार नाही. बाबा रात्री उठून बसतात.

आमची अडीच एकर जमीन आहे, भात आणि नाचणा. उतारा नाही, कागदोपत्री ते रान आहे. पंधरा वर्षांमागं वनहक्काचा दावा भरला होता. तो नापास झाला असं कानावर आलं, कागद काही हातात आला नाही. आम्ही एसटीत, म्हणजे अनुसूचित जमातीत, येत नाही म्हणून आम्हाला हक्कच नाही, असंही सांगतात. बाबांच्या ट्रंकेत आज्जाच्या वेळच्या दंडाच्या पावत्या आहेत, अतिक्रमणाच्या. बाबा म्हणतात, हे कुणी बघितलं तर आपण चोर ठरू, चुलीत घाल. मी अजून घातल्या नाहीत.

खरं सांगायचं तर मलाही गाव सोडावंसं वाटतं. आणि तसं वाटतं म्हणून आईकडं बघवत नाही. अजून एक विचारते, घरात विचारायला तोंड नाही: पैसे आले तर त्यात माझा वाटा असतो का?

– रानातली एक मुलगी

पोरी,

आधी पावत्यांचं बोलू, कारण बाकी सगळं दोन दिवस थांबेल आणि चूल थांबणार नाही.

त्या पावत्या तुमच्या घरातला सगळ्यात मोलाचा कागद आहे. तुझ्या बाबांना त्यात आपला गुन्हा दिसतो. मला त्यात एक तारीख दिसते, आज्जाचं नाव दिसतं, बहुतेक सर्व्हे नंबर किंवा रानाचं नाव दिसेल, आणि खाली सरकारी माणसाची सही. म्हणजे अमुक साली हा माणूस या जमिनीवर कसत होता, हे सरकारनंच लिहून दिलं आहे आणि वर त्याचे पैसेही घेतले आहेत. तीस वर्षं मी कचेरीबाहेर बाँड रायटर म्हणून बसलो. ताब्याचा इतका साफ पुरावा लोक घाबरून जाळतात आणि मग मोकळ्या हातानं माझ्यापुढं येऊन बसतात, हे मी किती वेळा बघितलं त्याचा हिशोब नाही. वनहक्काच्या नियमांत २०१२ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यात तर स्पष्ट लिहिलं आहे की दंडाच्या पावत्या, अतिक्रमणदारांच्या याद्या, गुन्ह्याचे प्राथमिक अहवाल एवढ्याच आधारावर दावा फेटाळता येणार नाही. बाबांना हे वाक्य दोनदा वाचून दाखव. त्यांची झोप त्या ट्रंकेपाशीच अडकली आहे असं मला वाटतं.

आता तुम्हाला हक्कच नाही म्हणतात त्याचं.

कायद्याचं पूर्ण नाव लांबलचक आहे, आपण २००६ चा वनहक्क कायदा म्हणू. त्यात दोन प्रकारची माणसं येतात. एक अनुसूचित जमातीची, आणि दुसरी ‘इतर पारंपरिक वननिवासी’. तुम्ही दुसऱ्यात. (आपल्या भागातल्या सिद्दी लोकांचंच बघ. कारवारकडचे सिद्दी २००३ पासून एसटीत, आणि त्यांचेच सोयरे बेळगाव-धारवाडचे म्हणून २०२० पर्यंत बाहेर! जिल्ह्याची रेघ ओलांडली की माणसाची जात बदलते.) दुसऱ्या प्रकाराला अट कडक आहे: १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षं, रानात राहून त्याच्यावर पोट चालवलेलं असलं पाहिजे. बेरीज-वजाबाकी केलीस तर १९३० येतं. इथंच बहुतेक दावे पडतात. लोक समजतात, समजावणारेही तसंच समजावतात, की त्या अडीच एकरावर १९३० पासून नांगर फिरल्याचा कागद पाहिजे. तसं नाही. पंचाहत्तर वर्षं राहण्याची आणि रानावर जगण्याची आहेत. जमिनीचा तो ठरावीक तुकडा १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताब्यात असला म्हणजे झालं. दोन वेगळ्या अटी आहेत, त्या एकात कालवल्या की दावा मेलाच म्हणून समज.

मग १९३० चा पुरावा आणायचा कुठून? तुझी वाडी आपल्या सीमाभागात आहे हे इथं कधी नव्हे ते कामाला येतं. १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. जुना गावदप्तराचा कागद मराठीत, त्याच्याही मागं गेलीस तर मोडीत. आताच्या दावा तपासणाऱ्याला तो वाचता येत नाही, दावा करणाऱ्या पोरांनाही येत नाही, म्हणून तो कुणी मागतच नाही. खानापूरच्या रेकॉर्ड रूममधून तुमच्या मूळ गावाचे जुने हक्काचे कागद, सर्व्हेची पत्रकं, गावनकाशा यांच्या नकला माग. तुझ्या आज्जाचं नाव नसेल, त्याच्या बापाचं असेल, किंवा नुसतं ‘गवत’, ‘कुमरी’ (म्हणजे रान तोडून-जाळून केलेली फिरती शेती), ‘वस्ती’ असा शेरा असेल. तेही चालतं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा बेळगावचा खंड १८८४ सालचा आहे. रानातल्या कुमरी शेतीची माणसं सरकारला तेव्हापासून ठाऊक आहेत. गॅझेटिअर आणि जनगणना दोन्ही पुरावे म्हणून नियमात नावानिशी घातलेले आहेत.

आणखी एक जागा लोक विसरतात. मराठी शाळा. जवळच्या मोठ्या गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर बघायला माग. घरातलं कुणी आज्जाच्या पिढीत चार दिवस जरी शाळेत गेलं असेल तरी नाव, गाव, जन्मसाल सापडतं. रजिस्टरची पानं पिवळी पडून सुटतात, शिक्षकाला चहा पाजून सावकाश बघ, घाई केलीस तर पानच हातात येईल.

कागदाशिवायचे पुरावेही नियमात आहेत आणि ते दुय्यम नाहीत. बांधलेली घरं, ताली, जमीन सपाट केल्याच्या खुणा. विहीर, मसणवट, देवाची जागा. वंशावळ. आणि दावेदार सोडून गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाब. एकापेक्षा जास्त पुरावे असले पाहिजेत इतकंच. ‘अमुकच कागद आण’ असा हट्ट ग्रामसभेनंतर दावा तपासणाऱ्या प्रांताच्या समितीला किंवा जिल्ह्याच्या समितीला धरता येत नाही. तेव्हा दिवाळीपर्यंत थांबू नकोस. गावात ऐंशीच्या पुढचं जे कुणी आहे त्यांच्याकडं या रविवारीच बस. रानात कुणाचं कुठं शेत होतं, गुरं कुठं चरायची, लग्नाचं वऱ्हाड कुठून यायचं, पटकीची साथ कुठल्या साली आली, सगळं लिहून घे, वाचून दाखव, अंगठा घे, दोन साक्षी घाल. म्हाताऱ्यांना साल सांगता येत नाही, पण ‘मोठ्या पुराच्या आधी’, ‘गांधीबाबा गेला त्या वर्षी’ असं सांगतात. ते तसंच लिही, तुझ्या बुद्धीनं साल घालू नकोस.

आता त्या नापास दाव्याबद्दल. दावा नामंजूर झाला असेल तर कारणासह लेखी कळवायला पाहिजे होतं. ग्रामसभेच्या ठरावावर प्रांताच्या समितीकडं साठ दिवसांत, आणि तिच्या निर्णयावर जिल्ह्याच्या समितीकडं साठ दिवसांत दाद मागता येते, आणि तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय ती अर्जी निकालात काढता येत नाही. ज्याला कागदच मिळाला नाही त्यानं साठ दिवस कुठून मोजायचे? म्हणून पहिली पायरी माहिती अधिकार. आपल्या कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत लागतो, नाहीतर त्याच कारणावरून परत येतो. तेव्हा गाऱ्हाणं गाऊ नकोस. बाबांचं नाव, गाव, दावा भरल्याचं साल, आणि मागणी: दाव्याच्या फायलीची पूर्ण नक्कल, ग्रामसभेचा ठराव, स्थळपाहणीचा अहवाल, निर्णयाची प्रत. दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. देशात लाखो दावे असे फेटाळले गेले होते. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं दावा फेटाळलेल्यांना बाहेर काढायचा आदेश दिला आणि पंधरा दिवसांत, २८ फेब्रुवारीला, स्वतःच तो थांबवला. का थांबवला? फेटाळताना रीत पाळली गेली की नाही, हाच प्रश्न उभा राहिला होता. तुमच्या फायलीतही तोच प्रश्न असणार, बघशील.

मधेच एक सावधगिरी. कुणी एजंट येऊन ‘फॉर्म ५७ भरून देतो, इतके पैसे दे’ म्हणेल. फॉर्म ५०, ५३, ५७ ही बगर हुकूमची भानगड आहे, महसूल खात्याच्या पड जमिनीवर कसणाऱ्यांसाठी. रानाच्या जमिनीला तो दरवाजा नाही. वनहक्काचा वैयक्तिक दावा नमुना ‘अ’ वर होतो आणि ग्रामसभेकडं होतो, त्याला फी नाही.

आता मुख्य गाठ. सही.

तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकले ते ‘पंधरा दिवस’. अशी मुदत कुठल्या कायद्यात आहे ते त्या गृहस्थाला लेखी द्यायला सांग. देणार नाही. कायद्यातली ओळ उलट्या दिशेनं जाते. चौथ्या कलमाचं पाचवं पोटकलम म्हणतं की हक्क ओळखण्याची आणि तपासण्याची प्रक्रिया पुरी होईपर्यंत कुणाही वननिवासीला ताब्यातल्या रानजमिनीवरून काढता येणार नाही. आणि याच कायद्याच्या व्याख्येत रानजमिनीत अभयारण्यंही येतात, राष्ट्रीय उद्यानंही येतात. भीमगड २०११ च्या डिसेंबरात अभयारण्य झालं म्हणून तिथल्या वाड्यांचे हक्क पुसले गेले, असं कुणी म्हणत असेल तर ती बाजारगप्प आहे. वन्यजीवांसाठी अत्यंत महत्त्वाचा अधिवास म्हणून एखादी जागा मोकळी करायची असेल तर आधी हक्क मान्य व्हायला हवेत, माणसं आणि जनावरं एकत्र राहूच शकत नाहीत हे दाखवायला हवं, पोट चालेल असं पुनर्वसनाचं पॅकेज तयार हवं, आणि त्या पुनर्वसनाला ग्रामसभेची मोकळ्या मनानं, माहिती घेऊन दिलेली संमती लेखी हवी. ग्रामसभेची म्हणतो मी. घरोघर फिरून गोळा केलेल्या सह्यांची चवड म्हणजे ग्रामसभा नव्हे. या कायद्याखालच्या ग्रामसभेला निम्मी माणसं हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बायका. तुझी आई त्या गणपूर्तीत मोजली जाते, हे आईला सांगितलंस का कधी?

त्याच कलमात पुढं एक ओळ आहे, ती फार थोड्यांना ठाऊक आहे. माणसं हलवून मोकळा केलेला असा अधिवास पुढं राज्य सरकारला, केंद्र सरकारला, कुणालाच दुसऱ्या वापरासाठी वळवता येत नाही. म्हादई नदीच्या उगमाकडच्या तुमच्या रानावर कुणाकुणाचा डोळा आहे ते आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणून ही ओळ ठरावात लिहून घ्यायची, शब्दाला शब्द.

१५ लाखांचं. हा आकडा व्याघ्र प्रकल्पांतल्या पुनर्वसनाचा म्हणून लोकांच्या तोंडी बसला आहे. तिथं तो आधी १० लाख होता, पुढं १५ झाला. पण भीमगड व्याघ्र प्रकल्प नाही, अभयारण्य आहे. तेव्हा तुमच्या गावाला पैसे कुठल्या आदेशाखाली मिळणार, तो आदेश कुठल्या तारखेचा, आणि रक्कम एकदम की हप्त्यानं, हे तीन प्रश्न ग्रामसभेत विचारून उत्तर ठरावाच्या वहीत उतरवून घ्या. व्याघ्र प्रकल्पाच्या नियमांत दोन पर्याय असतात. एक रोख रकमेचा. दुसऱ्यात खातं स्वतः पुनर्वसन करतं आणि त्यात शेतजमीन, घर, गावच्या सोयी, आणि हक्कांच्या निवाड्यापोटीची रक्कमही धरलेली असते. ‘१५ लाख’ बोलणारा दुसऱ्या पर्यायाचं नाव सहसा काढत नाही. तुम्ही काढा. जमिनीला जमीन मागा.

का मागा, ते सांगतो. बऱ्याच वर्षांमागं एक आजोबा माझ्यापुढं अर्ज लिहायला यायचे. त्यांचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं होतं. पैसे मिळाले तेव्हा त्यांनी मोटरसायकल घेतली, थोरल्याचं लग्न काढलं, भावकीला उसने दिले, एक प्लॉट घेतला तो भांडणाचा निघाला. माणूस उधळ्या नव्हता, दारू नव्हती. उभ्या जन्मात त्यांनी भात मोजलं होतं पायलीनं, रोकड मोजलीच नव्हती. पुढं ते दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जायचे आणि माझ्याकडं वर्षातून एकदा तोच अर्ज घेऊन यायचे. मी लिहून द्यायचो, पैसे घ्यायचो नाही. आणखी काय करणार? तुझ्या दादाला ही गोष्ट सांग, पण बोचेल अशी सांगू नकोस. तोही चुकीचं बोलत नाही. गोव्यात दुसऱ्याच्या खोलीत दहा जणांत झोपणाऱ्या पोराला स्वतःच्या प्लॉटचं स्वप्न पडणारच.

तुझ्या वाट्याचं. विचारलंस ते बरं केलंस. दोन वेगळी उत्तरं आहेत. जमिनीचा वनहक्क मान्य झाला तर तो नवरा-बायको दोघांच्या नावानं नोंदवायचा, असं कायदाच सांगतो. म्हणजे तुझी आई अर्ध्याची मालकीण, तिच्या अंगठ्याशिवाय काही हलत नाही. हा हक्क विकता येत नाही, गहाण पडत नाही, वारसानं मात्र पुढं जातो. हद्द चार हेक्टरपर्यंत, दहा एकराला काही गुंठे कमी, म्हणजे तुमची अडीच एकर आरामात बसते. पॅकेजच्या पैशाचं वेगळं. व्याघ्र प्रकल्पाच्या नियमांत एका घरातली काही माणसं वेगळं कुटुंब धरली आहेत: अठरावर्षांपुढचा मुलगा, लग्न झालेला असो नसो, अठरावर्षांपुढची बिनलग्नाची मुलगी, विधवा, घटस्फोट झालेली बाई, अपंग माणूस, आईबाप नसलेलं पोर. तुमच्या यादीला हीच व्याख्या लावली आहे का, ते बघ. यादीत दादाचं नाव वेगळं असेल आणि तुझं नसेल, तर हरकत लेखी घाल, तोंडी नव्हे. घरात वाटा मागते असं वाटतं तुला? तू यादी बरोबर करून मागते आहेस. उलट तुझं नाव लागलं तर घरात एक रक्कम जास्तच येईल, हे बाबांना सांगितलंस तर ते आधी गप्प बसतील आणि मग हळूच हिशोब मांडतील. तुझ्या काकूसारखी एकटी बाई घरात असेल तर तिचंही बघ.

आता जे तू विचारलं नाहीस ते. तुमचं रान फक्त अडीच एकर आहे का? मध कुठून येतो, हिरडा, शिकेकाई, भिरंडं, वेत, गुरांचा चारा? देवराई कुणाची? हे सगळं सामूहिक वनहक्कात येतं, त्याचा दावा गावानं करायचा असतो, नमुना ‘ब’ आणि ‘क’ वर. मी वाचलेल्या दाव्यांत दहातल्या नऊ गावांनी फक्त ‘अ’ भरलेला असतो, कारण प्रत्येकाला आपापल्या बांधाची घाई. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली अठराशे हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ पासून तिथली ग्रामसभा स्वतःच्या वाहतूक-पासावर बांबू विकते. ते महाराष्ट्रात झालं म्हणशील. तर आपल्याच कर्नाटकात, चामराजनगरच्या बिळिगिरी रंगनाथ डोंगरात, सोलिग आदिवासींच्या २५ ग्रामसभांना २०११ च्या ऑक्टोबरात सामूहिक हक्क मिळाले. आणि तो डोंगर त्याच वर्षी व्याघ्र प्रकल्प झाला होता. वाघाच्या घरात सोलिगांना हक्क मिळू शकतो, तर भीमगडात, अस्वलाच्या आणि वटवाघळाच्या घरात तुम्हाला दावा लावायला काय हरकत आहे? सोलिग एसटी आहेत, त्यांना पंचाहत्तर वर्षांची अट नव्हती, हा फरक मी लपवत नाही. तुम्हाला घाम जास्त गाळावा लागेल. पण ज्या हक्काची नोंदच झाली नाही त्याची भरपाई कुणी देत नाही. गाव सोडायचंच ठरलं तरी आधी दावा लावा, म्हणजे काय सोडलं ते कागदावर तरी येईल.

काकूच्या डोलीबद्दल. रानात रस्ता देताच येत नाही, म्हणून गावच हलवा, असा एक युक्तिवाद फिरतो. पूर्ण खरा नाही तो. वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमात शाळा, दवाखाना, अंगणवाडी, विजेच्या तारा, पिण्याचं पाणी, रस्ता अशा सोयींसाठी रानजमीन देता येते, वन संरक्षण कायदा असतानाही: प्रत्येक कामाला एक हेक्टरच्या आत, हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडं पडता कामा नयेत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. एक हेक्टरात लांब रस्ता होत नाही हे मलाही कळतं. पण साकवाच्या जागी पक्का पूल आणि त्याच्या दोन बाजूंची वाट होते. अभयारण्य असल्यामुळं वन्यजीव कायद्याची आणखी एक खिडकी लागेल, तिथं वेळ जातो. तरी शिफारसच गेली नसेल तर नकार तरी कशाला आला म्हणायचं?

भाषेचं थोडं बोलतो, कारण ते बोलल्याशिवाय आपल्याकडं कुठलीच गोष्ट पुरी होत नाही. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानं गाऱ्हाणं राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडता येतं, तेव्हा मराठीत अर्ज देण्याचा तुमचा हक्क आहे. पण माझं ऐकशील तर सोबत कन्नड प्रत जोड. मी स्वतः सीमाभागातल्या मराठी माणसांच्या १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत उतरलेला माणूस आहे, माझ्या तोंडून हे ऐकून काही वाचक चिडतील. चिडू देत. सीमाप्रश्न न्यायालयात आहे, तो तिथं चालेल. तुझ्या बाबांची अडीच एकर त्याच्या फायलीत बांधू नकोस, कारण ती फाइल जाड आहे आणि तुमची जमीन पातळ. ग्रामसभेत शेजारच्या गावचा कन्नड शिकलेला मास्तर बोलावून संमतीचा कागद सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून घ्या, आणि वाचून झाल्यावर मराठीत सांगून घ्या. न वाचता येणाऱ्या कागदावर सही करायची नाही, हे कन्नडला लागू आहे तसं मराठीलाही. मराठी बाँड पेपरवर फसलेली माणसंही मी ढिगानं बघितली आहेत.

राहिली तू आणि तुझी आई. गाव सोडावंसं वाटणं हा गुन्हा नव्हे. डोलीमागं चिखलातून चाललेल्या मुलीला दवाखान्याच्या जवळ राहावंसं वाटलं, यात आईचा अपमान कुठं आला? मी शहरात राहून तुला ‘रान सोडू नकोस’ म्हटलं तर ते शोभणार नाही. ज्यांना जायचं त्यांनी जावं, ज्यांना राहायचं त्यांनी राहावं, आणि दोघांच्याही हातात हक्काचा कागद असावा, इतकंच मी भांडून सांगेन. आईला एकदा नुसतं विचार की, नक्की काय सोडवत नाही? देव? गुरं? ती विहीर? की नव्या जागी आपल्याला कुणी विचारणार नाही ही भीती? उत्तर कळलं तर पॅकेजमध्ये काय मागायचं तेही कळेल. आणि बाबांना त्या माणसापुढं एकटं बसवू नकोस. ‘ग्रामसभेत बोलू’ हे दोन शब्द त्यांना पाठ करून दे, दारात कुणीही आलं तरी तेवढंच बोलायचं.

पावत्यांचं शेवटचं: लॅमिनेशन करू नकोस, जुनी शाई उष्णतेनं उडते. मोबाइलवर उन्हात दोन्ही बाजूंचे फोटो काढ, झेरॉक्सचे तीन संच कर, एक बेळगावात तुझ्या खोलीवर ठेव. मूळ पावत्या कुणालाही देऊ नकोस, समितीलाही नाही. दाखवायच्या आणि परत घ्यायच्या. आणि विहिरीच्या कठड्यावर किंवा देवळाच्या दगडावर काही कोरलेलं असेल तर त्याचाही फोटो पाठव. खडू घासून काढ म्हणजे अक्षर उठून दिसतं. मोडी असेल तर मी वाचून देतो.

– मामा